एकास सत्त्याऐंशी

माझे स्टॉकिंग गेले कोळसा चाळण्यात.
आधी म्हणाला, एकच दे, फाटका.
मग चर्चला घालायचे चांगलेही गेले.

तळघरात व्हर्लिन हातोडीने कोळसा फोडतो,
खरा, बंद सायडिंगच्या कडेला वेचलेला,
जुन्या टॉवेलात गुंडाळून, हलक्या हाताने,
शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय असं समजून.
तेहेतीस वर्षं काढली त्याने टिपलवर:
डोंगरातून कोळसा यायचा, चाळला जायचा,
खाली उभ्या वाघिणींत कोसळायचा.
त्या खडखडाटात डावा कान गेला.
आता वाटाण्याएवढा, मोहरीएवढा, खसखशीएवढा
वेगवेगळ्या बाटल्यांत भरतो
आणि लेबलं मला लिहायला लावतो,
माझं अक्षर बरं म्हणून.

पायच्या थाळ्या कापून पत्रे केले,
बॉलपेनने रेघा ओढून पन्हळी.
व्हिनेगरात तारेची घासणी बुडवून
आठवडाभर गंज मुरवला,
माझ्या काकडीच्या लोणच्याशेजारी,
तशाच बरणीत.
एकदा मी चुकीचं झाकण उघडलं.
ते जाऊ दे.

खाणीचं तोंड अंगठ्याएवढं.
आत चार बोटं खोल, मग काळा रंग,
मग प्लायवुड, मग आमचा वॉटर हीटर.
नात रेलिन वाकून एक डोळा मिटते:
पपॉ, आत काय आहे?
काही नाही, म्हणतो
आणि ब्रश धुवायला जातो.
ब्रश धुतलेलाच होता.

दिवेघराच्या भिंतीवर त्याने फळी लावली,
टपाल तिकिटाच्या अर्ध्याएवढी.
खाली जाताना पितळी बिल्ला अडकवायचा,
वर आलं की काढून घ्यायचा.
मी भिंग लावून मोजले:
बेचाळीस खिळे,
एक्केचाळीस रिकामे.
त्या भिंतीवर संध्याकाळ झालेली आहे.
मी काही बोलले नाही.
डेल्मर माझा दीर होता, तसा मित्रही,
माझ्या लग्नात बँजो वाजवताना
त्याच्याकडून दोन तारा तुटल्या होत्या.

एकास सत्त्याऐंशी, हे आमच्या घरातलं माप.
त्या हिशेबाने मी पाऊण इंच,
व्हर्लिन त्याहून जरासा उंच,
आणि चाळीस वर्षं म्हणजे साडेपाच महिने.
साडेपाच महिन्यांपूर्वी.
म्हणजे अजून तर त्याचे बूट
मागच्या पायरीवर असायला हवेत.

मार्चमध्ये पहिली गाडी सुटली.
रिकाम्या वाघिणी टिपलखाली ढकलतात,
त्या पडद्यामागून जाऊन
पलीकडे वीजघरातून रिकाम्याच बाहेर येतात.
भरलेल्या वीजघरात शिरतात,
पडद्यामागून येऊन टिपलखाली भरलेल्या उभ्या.
बघणाऱ्याला वाटतं, काम चाललंय.
तोच कोळसा, डिंकाने चिकटवलेला.
कुणी खणत नाही, कुणी जाळत नाही.
मी म्हटलं, कंपनीला दमडीचा फायदा नाही.
म्हणाला, पण जातं ते सगळं परत येतं ना.
मग ट्रान्सफॉर्मरचं बटण फिरवत बसला,
पुढे, मागे,
गाडी जागच्या जागी
हो-नाही करत राहिली.

सगळं झालं म्हणाला. चुनखडीची पूड,
तुटकं कुंपण, कोक पिणारा पोऱ्या,
कंपनीच्या घरांची रांग,
आमचं शेवटून दुसरं.
मी म्हटलं, धुणं कुठंय?
सोमवारी दोऱ्या भरलेल्या असायच्या.
तर त्याने शिवणाचा दोरा ताणला,
टिश्यूच्या चादरी कापल्या, शर्ट कापले,
चिमट्याने एकेक टांगले.
पांढरेशुभ्र.

व्हर्लिन, मी म्हटलं,
तू टिपलवर असायचास, म्हणून तुला माहीत नाही.
त्या गावात पांढरं काही
दुपारपर्यंत टिकायचं नाही.
दोनदा पिळायचे मी, दोनदा वाळत घालायचे,
तरी तुझ्या उशीवर करडी झाक.

बराच वेळ बघत राहिला.
मग पहिल्यांदाच त्याचा बारीक ब्रश
माझ्या हातात दिला,
शाईपाण्याची बाटली पुढे सरकवली.
मी चादरींवर हलकेच फिरवला.
बस्स, म्हणाला, थांब, फार होईल.

मी आणखी एक हात दिला.