चौथी धार

नाना उपळावीकर गेले, तेव्हापासून
हरभट रोडच्या वळणावरचा फळा मी लिहिते.
सकाळी सात. ओलं फडकं, दोन खडू, स्टूल.
हळदीचा भाव, आयर्विनपाशी पाणी किती फूट,
कोण गेलं, कुणाचं पासबुक सापडलं,
आणि उरलीच जागा, तर एखादा शब्द
मला आवडलेला.

फळ्याखालच्या खिळ्याला लोक पत्रं अडकवून जातात.
"माननीय महोदय" – मी महोदय नाही.
"प्रिय नानासाहेब" – नानांचं वर्षश्राद्धही झालं.
गुडघ्यांचं तेल, कुपवाडचे प्लॉट,
महिन्याभरात केस, नाहीतर पैसे परत.
"आपला फळा रोज न चुकता वाचतो,
कालचा मजकूर फारच भावला."

काल मला ताप होता.
आठ दिवस फळ्यावर
नुसतं काळं होतं.

न बोलावता आले, म्हणून राग नाही.
भडंगवाल्याला तरी कोण बोलावतं?
पण तो खिडकीकडे बघून हाक देतो,
आज कांदा घालू का, विचारतो.
ही पत्रं बघतच नाहीत कुणाकडे.
नावाच्या जागी टिंबं,
तीही भरायची राहून गेलेली.

मग दस्तगीर शिकलगार आला,
सायकलवर धारेचं चाक घेऊन.
पत्र नाही, काही नाही. उभा राहिला फळ्यासमोर.
"बाई, मंगळवारी तुमी 'धार' लिवलं हुतं.
पावसाची, दुधाची, नदीची.
आमची ऱ्हायली."
मी खडू शोधत राहिले.
"जागा असंल तर बघा. नसंल तर ऱ्हाऊ द्या.
घरात इळी बोथट झाली असंल, ती तेवढी द्या."

धंदाच होता त्याचाही, कळत होतं मला.
विळीचे वीस रुपये मोजून घेतले त्यानं.
बुधवारी चौथी धार लिहिली,
खाली त्याचं नाव, गणपती पेठेतला कोपरा.

पुढच्या आठवड्यात कानावर आलं,
खणभागातल्या फळ्यावरही तोच आहे.
तणतणत बघायला गेले.
तिथल्या मास्तरांनी कात्रीवर कोडं घातलेलं,
आणि ह्यानं उत्तर दिलेलं –
साफ चुकीचं.
मास्तरांनी ते तसंच ठेवलं होतं,
नावासकट, चौकटीत.

घरी येऊन दुधी चिरला.
खिशात सकाळचं पत्र होतं: "प्रिय नानासाहेब".
पाठ कोरी होती.
वाण्याचा हिशेब मांडला.