वस्ती नाही

मिसलीची नक्कल पिशवीत घालून मी वरोऱ्याच्या स्टँडवर उभा.
उतरली ग्वेन प्रिचर्ड, साठीची,
दुपट्टा मी सांगायच्या आधीच डोक्याला बांधलेला.
पणजोबाच्या बापाला शोधायला आली होती.
वेल्समधून खाणीसाठी आला, खाली उतरला, वर आलाच नाही.

आमच्याकडे आडनावावरून माणूस सापडत नाही, म्हणाली,
अख्ख्या खोऱ्यात चारच आडनावं.
गाव लागतं, शेताचं नाव लागतं,
घरामागचा उतार कुठल्या बाजूला, ते लागतं.
म्हटलं, बाई, मला काय सांगता,
एकतीस वर्षं पटवारी होतो.

त्याचं गाव नांट-अ-ग्लो.
म्हणजे?
कोळशाचा ओहोळ.
मनात मराठी करून पाहिलं. कोळसनाला.
आमच्या तालुक्यात शोभलं असतं.

पांदणीने गेलो. दोन्हीकडे पऱ्हाट्या,
चौथा वेचा होऊन उभ्या.
खाण म्हणजे आता बाभळबन
आणि हिरव्या पाण्याचा डोह, त्यात म्हशी.
थडगं नव्हतं. विटांची एक रांग होती,
ती कशाचीही असू शकते.

भागरता कुमरेने गडव्यातून पाणी दिलं.
"किती देवाची हाये जी हे बाई?"
गोंडाघरी ओळख इथून सुरू होते.
जमेल तसं समजावलं.
ग्वेन बराच विचार करून म्हणाली, एकाच.
"एकच?"
भागरताने तिला आणखी पाणी ओतलं.

तुमचं गाव? तिने वाटेत विचारलं.
मी पान उघडून दाखवलं.
मौजा पिंपळझरी, रिठ.
आजा निघाला तेव्हा बंडीत जातं होतं
आणि तापाने फणफणलेला माझा बाप.
शेरा : वस्ती नाही.
कोण्या जुन्या पटवाऱ्याचं अक्षर. देखणं अक्षर.
मीही कितीदा लिहिलंय तेच,
शाई वाळायच्या आत पुढचं गाव.

चपला हातात घेऊन नाल्यात उतरलो,
भागरताचा नातू पुढे, वाट दाखवत.
पाणी घोट्याएवढं. तळ काळा.
याचं नाव काय? तिने वही काढली.
नकाशात निळी रेघ आहे, नाव नाही.
"कोळसनाला," मी म्हटलं.
तिने दोनदा वदवून घेतलं. लिहिलं. खाली रेघ मारली.

एकतीस वर्षांत केली नव्हती
अशी खोटी नोंद.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तो नातू दारात,
गोऱ्हा चुकला होता, सापडला म्हणे.
कुठे रे?
"कोळसनाल्यावर, जी."