सातवं भोक

रामबागेत माझ्या शेडमध्ये उभी आहे ती.
कागद नाहीत, पुस्तक नाही,
बॉनेटवर नावाऐवजी रिव्हेटच्या चार खुणा:
आखूडच नाव असणार.

फोटो एकच मिळाला, अग्निहोत्र्यांकडच्या मुंजीतला.
गाडीची डावी बाजू दिसते,
पण नेमका दिव्यापुढे बटू उभा,
नवी लंगोटी, छाती काढून.
उजवी बाजू आम्ही डावीवरून उलटी काढली.
बटूच्या मागचं सगळं अंदाजाने.

यासीन मिस्त्री सियागंजातून पितळ आणतो,
ठोकून ऐकतो, परत करून येतो.
‘बनवणाराही माणूसच होता,’ म्हणतो,
‘कुठे थकला असेल ते शोधू.’

सापडलं. दाराच्या आत, बिजागरीखाली
एक स्क्रू तिरका बसवलेला.
मी सरळ करायला गेलो
तर त्याने माझा हात धरला.

डॅशबोर्डला भोकं सात.
सहांचं कळलं.
सातवं अंगठ्याएवढं, कडा घासून गुळगुळीत,
म्हणजे रोज कुणीतरी काहीतरी
ओढत होतं, किंवा दाबत.

आता पलासियापर्यंत जाऊन येतो आम्ही.
सातव्यातून गुडघ्याला वारा लागतो.
यासीन त्यावर अंगठा ठेवतो,
काढतो,
इंजिनाकडे कान देऊन पुन्हा ठेवतो.