हा परत का जातो?

बेहेरेबाईंनी पान एकेचाळीसच्या समासात
लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं :
‘हा परत का जातो?
पान बारावर याचा हात मोडलाय.
समोरच्यानं एका बोटानं शिळा फोडलीय, पान वीस.
याला हिशेब येत नाही का?’

मी तेव्हा महिन्याला एक कादंबरी पाडायचो
शनिपाराजवळच्या एका प्रकाशकासाठी,
एकशे अठ्ठावीस पानं, मुखपृष्ठावर हवेत लाथ.
नायक राणू. उंची बेताची, आई नाही, गुरू मेलेला.
समोर बर्फाच्या मठातला आचार्य,
ज्याला आजवर कुणी अर्धं पाऊलसुद्धा मागं सारलं नाही.
आणि राणू मठाच्या दारात उभा राहून म्हणतो,
बाहेर ये.

मी बाईंना म्हणालो, गुरूचा सूड.
त्या म्हणाल्या, सुडाला रात्र आहे, विहीर आहे, विष आहे.
दारात उभं राहून हाक कशाला?
म्हणालो, शब्द दिलाय त्यानं.
‘मेलेल्याला?’
मग खरं ते सांगितलं : तो गेला नाही
तर पुस्तक बेचाळिसाव्या पानावर संपतं
आणि माझे साडेतीनशे रुपये बुडतात.
बाई हसल्या नाहीत.
पेन्सिलीला टोक करत राहिल्या.

त्या रात्री सायकलची चेन पडली.
लक्ष्मी रस्त्यानं ती ढकलत येताना
नाना पेठेतली तालीम आठवली.
मी अठ्ठेचाळीस किलो, ओल्या लंगोटासकट.
ज्ञानू वस्तादांनी विचारलं, इसाकशी कोण धरतंय?
इसाक तांबोळी. दारातून आडवा होऊन आत यायचा.
सगळी पोरं एकदम कोपऱ्यातल्या मुद्गलांकडे बघायला लागली
आणि एक हात वर गेला.
तो माझा होता, हे मलाच सगळ्यांत शेवटी कळलं.

सूड नव्हता. शब्द नव्हता. बघायला कुणी आलं नव्हतं.
जोडीच्या पोरांना रोज पाडत होतो
आणि रोज थोडा थोडा पुसट होत चाललो होतो.
मी कुठवर आहे, कुठून पुढं नाही,
हे सांगणारं अंगाला काही लागतच नव्हतं.

खडाखडी झाली. पटात शिरलो,
देवळाच्या खांबाला मिठी मारावी तसा.
मग आढं दिसलं, मग कोळ्याचं जाळं,
मग इसाकचा चेहरा, काळजीत पडलेला.
ताक-हळदीच्या मातीत माझी पाठ पुरती उमटली होती.
उठून कितीतरी वेळ मी तिच्याकडे बघत होतो.
एवढा आहे तर मी.

सकाळी हे सांगायला छापखान्यात गेलो.
बाई जागेवर नव्हत्या.
कंपोझिटर दळवी खिळे जुळवता जुळवता म्हणाला,
आज तारीख त्यांची, शिवाजीनगर कोर्टात.
दोन खोल्यांचं प्रकरण, नववं वर्ष.
मालकाकडे तीन वकील. बाईंकडे होता एक, तो वारला.
आता कागदांची पिशवी घेऊन स्वतःच उभ्या राहतात.
मालकानं दोनदा चांगली रक्कम देऊ केली, म्हणे.
दळवीला त्याचं कोडंच होतं.

टेबलावर प्रुफं होती.
समासातल्या प्रश्नावर एक सरळ रेघ,
आणि राणूच्या ‘बाहेर ये’खाली
बारीक टिंबं, ओळीनं,
म्हणजे आमच्या धंद्यात : राहू द्या.

‘ये’वरची मात्रा तेवढी तुटली होती.
ती त्यांनी नीट करून ठेवली होती.