नववं प्रकरण

नवव्या प्रकरणात ऋजुता परत यायला हवी होती
ग्रँट रोडच्या त्या थिएटरातून.
तसं ठरलंच होतं आमचं: तिसरी घंटा,
पडद्यावर रंगवलेला राजवाडा,
डावीकडच्या खिडकीत उंदरांनी पाडलेलं भोक,
हात घातला की आपलं शतक.

पण ती विंगेत बसून राहिलीय
मांडीवर नाटकाची वही घेऊन,
दिगूला वाक्यं पुरवत.
दिगू तेरा वर्षांचा, कंपनीची नायिका.
परवापासून त्याचा आवाज फुटतोय,
मालकांना अजून पत्ता नाही.

गालाला सफेदा लावता लावता त्याने विचारलं,
"तुमच्याकडे बायकांची कामं कोण करतं?"
"बायका."
तो इतका हसला की अंबाडा सुटला.
मग पिना तोंडात धरून, बऱ्याच वेळाने,
"आणि माझ्यासारखे मग काय करतात?"

हे उत्तर मी तिला लिहून दिलं नव्हतं.

दुसऱ्या अंकात, वरच्या षड्जापाशी
दिगू अडकला. पेटी पुढे गेली, थांबली.
आणि विंगेतल्या अंधारातून
उरलेली ओळ कुणीतरी गायली, जराशी बेसूर.
चार आण्यांच्या बाकांवरून वन्समोअर!

प्रकाशकांचा पुन्हा फोन.
येईल हो, म्हटलं,
प्रयोग तर संपू दे.