तासाला किती

मनगटाच्या धमनीतलं रक्त
बर्फावर ठेवून धावत नेते मशीनपाशी.
सात पूर्णांक शून्य आठ.
बेड सहा, दौलत गांगुर्डे,
सातपूरला प्लेटिंगच्या टाक्यांवर वीस वर्षं.

श्वास खोल, घाईचा.
छाती आंबट हवा उपसतेय;
मूत्रपिंडांनी हात टेकले
तेव्हापासून एकटीच.

कलावती दारातून म्हणते,
"ॲसिड वाढलंय ना, मग सोडा टाका.
हे टाकीत टाकायचे.
पट्टी बुडवायची, रंग बघायचा,
परत चिमूटभर."
डॉक्टर हसत नाहीत.
सोडा चालूच आहे, थेंबाथेंबानं.
टाकी रिकामी करून धुता येते, बाई.

पहाटे वॉचमनच्या फोनवर
गंगापूर धरणाचा विसर्ग, हजारांत, क्युसेकमध्ये.
माझ्या तक्त्यात
दोनला शून्य. तीनला शून्य.
चारला मी शून्यही नीट काढला नाही.

साडेपाचला पिशवीच्या तळाशी
कोऱ्या चहासारखं काहीतरी.
गुडघ्यावर बसून, टॉर्च धरून वाचते,
पुन्हा वाचते.

कलावती आधीच उठून उभी.
"सुटलं का पाणी?"
"आठ मिली."
किती ते तिला कळत नाही.
माझ्या तोंडाकडे बघत
ती कोरडे हात
पदराला पुसते.