तेवीस माणसांची शिदोरी

मेकनहून निघालो तेव्हा पहाटेचे चार.
तीन व्हॅन, तेवीस माणसं, सगळ्यांचे पिवळेजर्द टी-शर्ट
आणि व्हरडेल मावशीच्या मांडीवर
सहा लांब पाव, उशीसारखे.
कुणी टेकायचं नाही.

मावशीनं एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली.
सहाशे पोरं, अकरा चाळीसच्या आत.
तेवीस म्हणजे काय, ती म्हणते,
डावाला चिकटून राहिलेलं.

वही माझ्याकडे.
पहिल्या पानावर तिनं सांगितलं तसं लिहिलं :
आत एक बर्गर सतरा डॉलर.
गुणिले तेवीस.
उत्तर लिहू नकोस, म्हणाली,
पोरांची भूक मरेल.

मोटेलात बाथटब बर्फानं भरला,
म्हणून त्या रात्री कुणाचीच आंघोळ नाही.
इस्त्रीच्या टेबलावर पाव मांडले एका ओळीत,
जार्विस पीनट बटर फासायचा, नायला जॅम,
टेरेल कडा कापायला गेला
आणि मावशीनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं.
कडा राहिल्या.
अंडी उकडली भाताच्या कुकरात, तीन खेपांत,
खोलीला दोन दिवस तोच वास.

फाटकावरच्या माणसानं पिशव्या उघडल्या.
आत फक्त सुका खाऊ, बाई.
सुकाच आहे, मावशी म्हणाली, आम्हीही सुकलोय.
ओडेसा आजी चाकाच्या खुर्चीत
मांडीवर शाल घेऊन बसलेली, त्या उकाड्यात.
शालीखाली काय, ते त्यानं विचारलं नाही
आणि मीही इथे लिहीत नाही.

थंड पाण्याचा पेला मागितला तर फुकट मिळतो.
आम्ही मागितला. तेवीस जणांनी. चार वेळा.
काउंटरवरची मुलगी दूरवर पिवळं दिसलं
की पेले मांडायला घ्यायची.

दुपारी क्लिओफस काका हरवला.
सापडला उलट्या पाळण्यामागे, कचऱ्याच्या डब्याआड,
हातात टर्कीची भाजलेली तंगडी, मनगटाएवढी,
छातीवर तेलाचा नकाशा.
सगळे मावशीकडे बघायला लागले.
तिनं माझ्याकडून पेन घेतलं, स्वतः लिहिलं :
तंगडी एक. क्लिओफस. माफ.
मग ती तंगडी आजीसमोर धरली :
आई, थोडं सोलून घे, कडेचं.

जेवण पार्किंगमध्ये, रांग सत्तेचाळीस,
व्हॅनची मागची दारं उघडून, डांबर पायाला चटके देत.
निळ्या गणवेशातला एकजण थेट आमच्याकडे येताना पाहून
नायलानं अंडं अख्खंच तोंडात घातलं.
पण त्याच्याही हातात डबा होता.
सावली तुमच्याकडे आहे, म्हणाला, म्हणून आलो.

नाव विल्नर. मूळचा हैतीचा.
सात वर्षं इथे गाड्या रांगेत लावतो.
आतलं काय चांगलं लागतं, जार्विसनं विचारलं.
माहीत नाही, तो म्हणाला. वास चांगला येतो.

मावशीनं त्याला न विचारता सँडविच दिलं.
त्यानं न विचारता डबा पुढे केला,
कोबी, गाजर, मिरच्या, व्हिनेगरमध्ये मुरलेलं लोणचं.
जार्विसच्या डोळ्यांतून धारा.
आजीनं दोनदा घेतलं.
मावशी एकदम गंभीर झाली, मला म्हणाली, लिही,
आणि त्याला विचारत बसली
किती कोबीला किती मिरची, किती दिवस,
आणि समजा सहाशे असतील तर?

दुसऱ्या दिवशी मोटेलात
तिनं चोवीस सँडविचं केली.
मी मोजली, बोलले नाही.
दुपारी रांग सत्तेचाळीसमध्ये दुसराच कुणी शिट्टी फुंकत होता.
विल्नरची सुट्टी.

ते चोविसावं परतीच्या वाटेवर
बर्फाच्या पेटीवर तसंच राहिलं,
कागदात, कडांसकट.
तीन व्हॅनभर भूक होती, पण हात कुणी लावेना.
व्हॅल्डोस्टाच्या पुढे कुठेतरी कागद चुरचुरला.
मी मागे वळून पाहिलं नाही,
पाहायची गरजही नव्हती.

वहीत लिहू का, मी हळूच विचारलं.
मावशी झोपली होती,
मांडीवर पावांच्या रिकाम्या पिशव्या,
घडी घालून,
पुढच्या वेळेसाठी.